स्थिर पादचारी

काळम्मा तलावाभोवतीची वाट बरोबर दोन किलोमीटरची आहे. ऋतुराज कुरणे त्या वाटेवर अकरा वर्षं पळला, पण ती त्याने कधी पाहिली नाही.

डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने त्याची उरलीसुरली नजर एकोणिसाव्या वर्षी गेली. तो फिजिओथेरपी शिकला, बाजारपेठेमागच्या गल्लीत एक खोली घेऊन त्याने दवाखाना थाटला. त्याच्या हातांना गुण होता. कुणाच्या पाठीवर तळवा ठेवला की दुखणं कुठे सुरू झालंय आणि माणूस ते कुठे सांगतोय, यातला फरक त्याला कळायचा. शालन आवटी तिथेच त्याच्याकडे पहिल्यांदा आल्या, मुरगळलेला घोटा घेऊन. मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. घोटा दाबून घेता घेता त्यांनी चौकशी केली आणि हा पोरगा शाळेत असताना आठशे मीटर पळायचा, हे त्यांना कळलं.

"मग सोडलंस कशाला?"

"दिसत नाही ताई."

"मला दिसतंय की. उद्या सहाला तलावावर ये."

तेव्हापासून दोघं एकत्र पळायचे. दोघांच्या मनगटात हातभर लांबीची एक सुती दोरी असायची. दोरीला हलका ओढा बसला की उजवीकडे, ढील मिळाली की डावीकडे, दोन झटके म्हणजे खड्डा. शालनताई वाटेत सतत बोलायच्या. बांधावर पिवळी घाणेरी फुललीय, पाणी मागच्या आठवड्यापेक्षा दोन पायऱ्या उतरलंय, समोरून येणाऱ्या गृहस्थांनी बूट उलटसुलट घातलेत. तिसऱ्या वर्षी ऋतुराज राज्य पातळीवर अंध गटात दहा किलोमीटर पळाला. शेवटच्या रेषेशी शालनताईंनी नियमाप्रमाणे अर्धं पाऊल मागे घेतलं आणि तो त्यांच्या आधी रेषा ओलांडून गेला. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आज मी हरले, बघा." धनपाल आवटी साखर कारखान्यात केमिस्ट होते. ते सहसा कमी बोलत, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले.

मग साथ आली.

ही साथ आधीच्या साथींपेक्षा एका बाबतीत वेगळी होती. विषाणू इतक्या बारीक तुषारांवरून जायचा की उघड्यावरही सुटका नव्हती. पहिल्या पावसाळ्यात सगळ्या वाटा, बागा, मैदानं बंद झाली. चार महिन्यांत लोकांची वजनं, रक्तदाब, भांडणं, सगळंच वाढलं. डॉक्टरच म्हणू लागले की माणसांना चालू द्या, नाहीतर साथीतून वाचलेली माणसं घरात बसून मरतील. वाटा उघडल्या, पण वेळा वाटून. चालणाऱ्यांना पहाटे, पळणाऱ्यांना नंतर, सायकलवाल्यांना संध्याकाळी. त्यावरूनही भांडणं झाली. म्हातारी माणसं म्हणायची की पळणारे आमच्या तोंडावर धापा टाकतात, पळणारे म्हणायचे की चालणारे चौघंचौघं आडवे चालतात, आणि सायकलवाल्यांविषयी सगळ्यांचं एकमत होतं.

त्यावर उपाय म्हणून जे यंत्र आलं, त्याला लोकांमधून नाव मागवलं होतं. एका निवृत्त शिक्षकाने सुचवलेलं नाव पसंत पडलं: अंतरपट. लग्नातला अंतरपट मंगलाष्टकं संपली की दूर होतो. हा कधी दूर होणार, ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामागचं शास्त्र समजायला सोपं होतं. माणूस चालतो तेव्हा हवा फाटते आणि त्याच्या पाठीमागे मिटते, पाण्यातून नाव गेल्यावर मिटते तशी. त्याने सोडलेला श्वास त्या मिटणाऱ्या हवेत ओढला जातो आणि मागे एक शेपूट तयार होतं. चालणाऱ्याचं शेपूट चारेक मीटर लांब. पळणारा जोराने श्वास सोडतो आणि वेगात असतो, त्याचं दहा मीटर. सायकलस्वाराचं वीस. बाजूने मात्र अडीच मीटरही पुरतात. वारा आडवा असेल तर शेपूट वळतं, जोराचा असेल तर विरून जातं. म्हणजे 'सहा मीटर दूर राहा' हा सरसकट नियम अडाणीपणाचा होता. कुणापासून, कोणत्या बाजूला आणि किती दूर, हे क्षणाक्षणाला बदलत होतं. ते मोजायला तलावाभोवती दर चाळीस मीटरवर खांब उभे राहिले. न दिसणाऱ्या किरणांनी ते वाटेवरच्या प्रत्येकाची जागा आणि वेग मोजत, वारा मोजत आणि प्रत्येकाच्या श्वासाचं शेपूट आखत. वाटेत बसवलेले दिवे त्याप्रमाणे पेटत. पुढे हिरवा दिसला तर चालत राहा, नारिंगी दिसला तर बाजू बदला किंवा खालच्या वाटेने जा. चालणारे, पळणारे, सायकलवाले आता एकाच वेळी येऊ शकत होते, आणि एकाचा श्वास दुसऱ्याला लागत नव्हता.

खांबांवर कॅमेरे नव्हते, आवाज टिपणारं काही नव्हतं. ही नागरिकांची अट होती. आम्ही कुणाबरोबर फिरतो आणि काय बोलतो, हे खांबांनी ऐकायचं नाही. त्या अर्जावर शालनताईंची सही होती आणि ऋतुराजचा अंगठाही होता.

पण दिवे आंधळ्याला काय कामाचे? आणि दोरी तर बंदच झाली होती. एका घरात न राहणाऱ्या दोन माणसांनी हातभर अंतरावर पळणं हा गुन्हा होता. दवाखानाही बंद होता. स्पर्शावर जगणाऱ्या माणसाला त्या वर्षात काही कामच उरलं नव्हतं. ऋतुराज घरात गॅलरीत जागच्या जागी पळायचा. खालचे लोक तक्रार करायचे.

शालनताई अंतरपटच्या ऑफिसात जाऊन बसल्या. एकदा नाही, नऊ वेळा. शेवटी सानिका पाटोळे नावाची तरुण इंजिनिअर त्यांच्यासोबत तलावावर आली आणि तिने ऋतुराजसाठी एक पट्टा तयार केला. कमरेला बांधायचा, आत बटणाएवढ्या आठ चकत्या. दिवे डोळ्यांना जे सांगत, तेच चकत्या थरथरून कमरेला सांगत. ते नीट जमेपर्यंत दोन महिने गेले. शालनताई रोज बांधावर उभ्या राहून लांबून सांगायच्या, "एवढ्या जोरात नको गं, तो दचकतोय. वळणाच्या तीन पावलं आधी सांग. तो पाऊल उचलतो तेव्हाच सांग, टेकवल्यावर सांगून काय उपयोग?" सानिका लिहून घ्यायची आणि घरी जाऊन बदल करायची.

ज्या दिवशी पट्टा पक्का झाला, त्या दिवशी ऋतुराज नजर गेल्यापासून पहिल्यांदा एकटा दोन किलोमीटर पळाला. फाटकाशी येऊन तो थांबला.

"कसं वाटलं?" लांबून शालनताईंनी विचारलं.

"खरं सांगू ताई? खूप मोठं वाटलं सगळं."

त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात थोडं काहीतरी कमी होतं, ते त्याला ऐकू आलं, पण त्याने त्यावर विचार केला नाही.

त्यानंतर दोघं रोज एकाच वेळी तलावावर येत. सकाळी दहाला, कारण ऊन चढलं की गर्दी ओसरते. ताईंचे गुडघे आता कुरकुरत होते, म्हणून त्या चालत. तो पळत असे. प्रत्येक फेरीत तो कुठेतरी त्यांना मागे टाकायचा, अडीच मीटरवरून. त्या वेळी त्या ओरडायच्या, "तिसरी! हात खाली!" किंवा "खांदे सोड!" फाटकावर निघताना दोघं दोन बाकांवर बसून पाणी प्यायची. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बोलणं व्हायचं. बस, एवढंच उरलं होतं. पण ते रोज होतं.

मार्चमध्ये कळलं की देशपातळीवर निवड होणार आहे, शर्यत न भरवता. ज्याने त्याने आपल्या गावी पळायचं आणि अंतरपटने नोंदवलेली वेळ पाठवायची. दहा किलोमीटरला सेहेचाळीस मिनिटांच्या आत. ऋतुराजची सर्वांत चांगली वेळ होती सेहेचाळीस मिनिटं वीस सेकंद.

वीस सेकंद कुठे जातायत, ते शोधताना एका सोमवारी तो बाकावरून म्हणाला, "ताई, एक बोलू? पळताना तुम्ही ओरडता ना, तेव्हा माझी लय तुटते. पट्ट्याचं सांगणं आणि तुमचं सांगणं, दोन्ही एकदम होतं."

बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "वेळ लावून पळशील तेव्हा नाही बोलणार."

"राग नाही ना आला?"

"राग कसला? पोरींना शिकवते तेव्हाही असंच असतं. एक दिवस शिट्टी वाजवणं बंद करावं लागतं."

गुरुवारी त्याने वेळ लावायची ठरवली. एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि वारा अजिबात नव्हता. शालनताई त्याच्या आधी दहा मिनिटं चालायला निघाल्या. दहा वाजून दहा मिनिटांनी तो सुटला.

पहिल्या फेरीत, जांभळीच्या सावलीपाशी, पट्ट्याने उजव्या कुशीवर कंप दिला: पुढे चालणारं कुणीतरी आहे. तो डावीकडे सरला. बुटांचा आवाज ओळखीचा होता, डावा पाय जरा घासत पडणारा. त्या बोलल्या नाहीत. त्याने मनात म्हटलं, ताईंनी शब्द पाळला.

तलावाच्या दक्षिणेला बांध आहे. तिथे वाट दुभंगते. वरची वाट बांधाच्या माथ्यावरून जाते, खालची पायथ्याने, आणि मध्ये घाणेरीची दाट झुडपं आहेत. दुसऱ्या फेरीत तिथे पोहोचल्यावर पट्ट्याने त्याला खाली नेलं. तो गेला. खालची वाट चार मीटरनी लांब होती, एवढंच त्याच्या मनात आलं.

तिसऱ्या फेरीत पट्ट्याने पुन्हा त्याला खाली नेलं, आणि तेव्हाच वरून, झुडपांच्या पलीकडून, आवाज आला. "ऋतु..." नाव अर्धंच होतं.

तो वैतागला. पायांनी लय सोडली नव्हती, श्वास बसला होता, पोटात कुठेतरी खात्री झाली होती की आज होणार. आता नको, असं त्याच्या मनात आलं. सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून. पट्ट्याने डाव्या बाजूला हलकासा कंप दिला आणि तो पुढे निघून गेला.

चौथ्या आणि पाचव्या फेरीत तिथे काही ऐकू आलं नाही.

पंचेचाळीस मिनिटं अडतीस सेकंद. फाटकाच्या खांबाने वेळ सांगितली तेव्हा तो गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. मग तो आपल्या बाकावर बसला आणि ताईंची वाट पाहू लागला. घाम वाळला. पाण्याची बाटली संपली. त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, "आवटीताई गेल्या का?"

"नाही की. त्यांचं प्रवेशाचं कार्ड अजून आतच दाखवतंय." पहारेकऱ्याने पडद्यावर पाहिलं. "बांधावर एक स्थिर पादचारी आहे बघा. त्याच असतील. बसल्या असतील जरा."

"किती वेळ?"

पहारेकऱ्याने आकडा पाहिला. "सत्तेचाळीस मिनिटं."

ऋतुराज उठला. तो बांधाच्या दिशेने चालू लागला आणि दुभंगापाशी वरच्या वाटेला वळला. पट्टा थरथरला. तो पुढे गेला तसा सगळ्या चकत्या एकदम थरथरू लागल्या, इतक्या जोरात की पोटात कळ आली. त्याने पट्टा सोडला आणि झुडपात फेकला. मग कमरेभोवती काही नव्हतं, कुठलीच दिशा नव्हती. चपळ पावलांनी पळणारा तो माणूस हात पुढे करून, पाय घासत, "ताई, ताई" म्हणत चालला. त्याचं पाऊल त्यांच्या हाताला लागलं.

तो खाली बसला. त्याने त्यांचा चेहरा चाचपला. चौदा महिन्यांनी त्याने दुसऱ्या माणसाला स्पर्श केला होता. गाल गरम होते, उन्हाने तापलेले. श्वास चालू होता, पण घोरल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, ते त्याच्या बोटांना लगेच कळलं. अशी तोंडं दवाखान्यात त्याच्या हाताखालून गेली होती. त्याने फोन लावला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, स्वतःची सावली त्यांच्या तोंडावर पडेल असा अंदाज करत बसून राहिला.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. शालनताई शुद्धीवर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेल्या.

अंतर मोडल्याबद्दल ऋतुराजला दहा दिवस विलगीकरणात ठेवलं होतं. अंत्यविधीला घरच्या चौघांनाच परवानगी होती, त्यामुळे तो बाहेर असता तरी त्याला जाता आलं नसतं. लोखंडी खाटेची ती खोली त्याने पहिल्या तासातच पावलांनी मोजली: सहा बाय चार. मग मोजायला काही राहिलं नाही.

सहाव्या दिवशी सानिकाचा फोन आला.

"मी हे तुम्हाला सांगू नये असं कंपनीने बजावलंय," ती म्हणाली. "पण नोंद मी काढली आहे, आणि तुम्हाला ती दुसऱ्या कुणाकडून कळू नये." तिचा आवाज कोरडा होता, वाचून दाखवल्यासारखा. "शालनताई दहा एकवीसला पडल्या. वारा नव्हता. चालणाऱ्या माणसाचा श्वास मागे ओढला जातो, पण थांबलेल्या माणसाचा श्वास, वारा नसेल तर, त्याच्याभोवतीच साचतो. ढग होतो. म्हणून कुणी थांबलं की यंत्रणा भोवतालचे पंधरा मीटर बंद करते. बांधाची वरची वाट बंद झाली. त्यानंतर तिथून तीन सायकलवाले गेले, दोन चालणारे, आणि तुम्ही चार वेळा. सगळे खालून गेले. यंत्रणेने कुणालाच त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. ती तेच करायला बनवली होती."

"पडलेलं माणूस तिला कळत नाही?"

"आधी विचारायची सोय होती. पाच मिनिटं कुणी थांबलं की खांब विचारायचा, ठीक आहात का. लोकांनी तक्रारी केल्या. निवांत बसू देत नाही म्हणाले. मग ती मी बंद केली. मीच केली."

ऋतुराजने विचारलं, "आवाजाची नोंद नसते ना?"

"नाही. ती तुमचीच अट होती. का?"

"काही नाही," तो म्हणाला.

उरलेले चार दिवस त्याने ते आपल्याजवळ ठेवलं. जगात ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. खांबांना माहीत नव्हतं, नोंदीत नव्हतं. तो बोलला नसता तर ती हाक मारलीच गेली नव्हती, असंच झालं असतं.

बाहेर आल्यावर तो धनपाल आवटींच्या घरी गेला. नियमाप्रमाणे तो ओट्याच्या पायरीवर बसला, दाजी आत दाराशी खुर्ची टाकून. घरातून कसलाच वास येत नव्हता. चूल पेटत नसावी. दाजींनी अंतरपटविरुद्ध तक्रार केली होती. पुढच्या आठवड्यात चौकशी समितीपुढे सुनावणी होती.

"तू काही बोलायची गरज नाही," दाजी म्हणाले. "त्यांचीच नोंद पुरेशी आहे. माणूस पडलंय आणि नऊ वेळा माणसं वळवून नेली. वळवलं म्हणूनच कुणाला कळलं नाही. एवढंच दाखवायचंय."

"दाजी, मला ऐकू आलं होतं."

खुर्ची हलली नाही.

"तिसऱ्या फेरीत. माझं नाव घेतलं त्यांनी. अर्धं. मला वाटलं मध्येच बोलतायत. मी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, पळताना. मी थांबलो नाही."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेली. चाकात काडी अडकली असावी, तिचा टकटक आवाज दूर जाईपर्यंत येत राहिला.

"डॉक्टर म्हणाले होते," दाजी शेवटी म्हणाले, "की पडली त्याच क्षणी शुद्ध गेली असेल. काही कळलं नसेल तिला. मी त्याच्या आधारावर झोपतोय, ऋतुराज. रोज."

हे ऋतुराजच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतःच्या छातीवरचं उतरवायला तो आला होता, आणि ते या माणसाच्या छातीवर ठेवून मोकळा झाला होता.

"तिथं हे सांगणार आहेस?"

"विचारलं तर."

"जा आता," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "जा तू."

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने सगळी नोंद मान्य केली. मग ऋतुराजला विचारलं, खालच्या वाटेने जाताना त्याला काही वेगळं जाणवलं का. प्रश्न इतका सहज होता की 'नाही' म्हटलं असतं तर वकील पुढच्या कागदाकडे वळला असता. ऋतुराजने सांगितलं.

वकिलाचा आवाज सावध झाला. "म्हणजे यंत्रणेने तुम्हाला थांबायला मनाई केली नव्हती."

"नाही."

"तुम्ही ठरवलं असतं तर थांबू शकला असता."

"हो."

"आभारी आहे."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उठून गेलं. दार लागण्याच्या पद्धतीवरून ते दाजी असावेत.

समितीने महिन्याभराने निकाल दिला. यंत्रणा ठरल्या अटींप्रमाणे चालली होती. मानवी संकेत मिळूनही दुर्लक्ष झालं होतं. यापुढे तीन मिनिटं हालचाल नसेल तर पहारेकऱ्याने स्वतः जाऊन पाहावं, आणि विचारणारा आवाज पुन्हा सुरू करावा. सानिकाने नोकरी सोडली. जाण्याआधी तिने पट्टा दुरुस्त करून ऋतुराजच्या घरी पोहोचवला. त्याच्या वेळेची नोंद निवडीसाठी पुढे गेली होती आणि त्याची निवड झाली होती. त्याने पत्र लिहून नकार कळवला. कारण विचारलं होतं त्या जागी त्याने काही लिहिलं नाही.

त्याने तलावावर जाणं बंद केलं.

साथीच्या दुसऱ्या वर्षी लस आली. दिवाळीच्या सुमारास अंतराचे नियम उठले आणि एका सकाळी तलावाभोवतीचे दिवे कायमचे विझले. लोकांनी फाटकावर नारळ फोडला म्हणे. लोक पुन्हा खेटून चालू लागले, आणि म्हातारी माणसं पुन्हा पळणाऱ्यांना बोल लावू लागली.

दवाखाना उघडला. पावणेदोन वर्षं कुणी हात न लावलेली माणसं येऊ लागली. काहीजण टेबलावर पडल्या पडल्या रडायची आणि कारण सांगायची नाहीत. ऋतुराजही विचारायचा नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी दार वाजलं. आत आलेला माणूस बोलला नाही. त्याने चपला काढल्या, सदरा खुंटीला अडकवला आणि टेबलावर पालथा झाला. ऋतुराजने उजव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा आखडलेला होता, महिनोन् महिने एकाच कुशीवर झोपणाऱ्या माणसाचा असतो तसा. पाठीचं मांस उतरलं होतं. साबणाचा वास, आणि त्याखाली कारखान्याच्या मळीचा, जो निवृत्त होऊनही गेला नव्हता.

"कधीपासून दुखतंय दाजी?"

"झाले सात-आठ महिने."

त्याने तेल घेतलं आणि काम सुरू केलं. खांद्याच्या पात्याखाली एक गाठ होती, तिथे त्याने अंगठा टेकवून ठेवला.

"तू तेव्हा सांगितलंस," दाजी उशीत तोंड असतानाच म्हणाले, "तेव्हा मला एक विचारायचं राहिलं. मी रागात होतो. नंतर वाटलं, विचारायला गेलं पाहिजे. पण पाय उचलेनात."

"विचारा."

"ती हाक कशी होती? घाबरलेली होती का? दुखत होतं का तिला? तुझ्या कानाला कळलं असेल."

ऋतुराजने हात थांबवला. ती हाक त्याने या काळात इतक्या वेळा ऐकली होती की तिचा काना-मात्रा त्याला माहीत होता. धीर देणारं सोपं, खोटं उत्तर त्याच्याजवळ होतं. त्याने ते दिलं नाही. त्याची गरजही नव्हती, खरं होतं तेच पुरेसं होतं.

"घाबरलेली नव्हती," तो म्हणाला. "आवाज जड होता. जीभ वळत नव्हती. पण हाक मोठ्याने मारली नव्हती, दाजी. लांबच्या माणसाला मारतात तशी नव्हती. शेजारी कुणी असलं की आपण हळू बोलतो ना, तशी."

"म्हणजे तू आलायस हे तिला कळलं होतं."

"हो. पावलं ऐकली असतील. माझी पावलं त्यांना पाठ होती."

ऋतुराजच्या तळव्याखाली पाठ एकदा वर आली आणि तशीच राहिली, श्वास सोडायचा राहून गेल्यासारखी. मग ती थरथरत खाली आली. त्याने हात उचलला नाही. बाहेरच्या बाकावर पुढचा पेशंट येऊन बसला होता, त्याने दोनदा खाकरून पाहिलं.

"थोडा वेळ थांबा," ऋतुराज दाराकडे तोंड करून म्हणाला, आणि दाजींच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.